रुंद पाऊल, अरुंद जोडा : टाचेच्या पादत्राणांचा इतिहास

१/ आषाढात नागभीडच्या परिसरात धानाची रोवणी सुरू होते. बांधीतल्या चिखलात दिवसभर अनवाणी वावरणाऱ्या पावलांची बोटे सुटी आणि पसरलेली असतात. पंजा बोटांपाशीच सर्वांत रुंद असतो. हेच पाऊल लग्नसराईत दुकानातल्या निमुळत्या, उंच टाचेच्या जोड्यात शिरते तेव्हा जोडा चावतो आणि दोष मात्र पावलाला दिला जातो. हा दोष खरोखर कुणाचा, याचे उत्तर इतिहासात सापडते.

२/ १९०५ मध्ये फिल हॉफमन या अमेरिकी शल्यविशारदाने अनवाणी राहणाऱ्या आणि जोडे वापरणाऱ्या लोकांच्या पावलांची तुलना प्रसिद्ध केली. त्याने अनवाणी पावलांच्या १८६ जोड्या तपासल्या होत्या. जन्मतः माणसाचे पाऊल बोटांकडे रुंदावत जाते, आणि निमुळता पंजा ही जोड्याने घडवलेली गोष्ट आहे, असे त्यातून दिसले.

३/ उंच टाच मुळात चालण्यासाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वार टाचेचे जोडे वापरत. रिकिबीत पाय घट्ट अडकावा आणि घोड्यावर उभे राहून बाण सोडता यावा, हा तिचा उपयोग. सतराव्या शतकाच्या आरंभी शाह अब्बासच्या काळात इराण व युरोप यांच्यातील संपर्क वाढला आणि युरोपातील सरदारांनी ही टाच उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात तांबडी टाच मानाचे चिन्ह ठरली. स्वाराची सोय अशी दरबारी प्रतिष्ठा झाली.

४/ आता पंप आणि बूट यांतील फरक पाहू. पंप म्हणजे उथळ गळ्याचा, नाडी किंवा बक्कल नसलेला जोडा. त्याला पाऊल धरून ठेवायला दोनच जागा मिळतात : पुढे बोटांची मुळे आणि मागे टाच. म्हणून तो पंजाशी घट्टच बेतावा लागतो. रुंद पावलाची अडचण इथेच होते. मापाचा घ्यावा तर बोटे दबतात. एक माप मोठा घ्यावा तर मागची टाच निसटते.

५/ बूट पाऊल निराळ्या रीतीने धरतो. नाडी, चेन किंवा पट्टा पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याला पकड देतो. त्यामुळे पुढचा भाग सैल ठेवला तरी बूट निसटत नाही. उंच टाचेमुळे शरीराचा भार पंजावर येतो आणि पाऊल उतारावरून पुढे सरकते. बुटात घोट्याची पकड ते सरकणे थोडे रोखते. पंपात ते बोटांनाच सोसावे लागते. कुरूप होणे, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येणे यांमागे हा दाब असतो. अर्थात बुटाचे टोकच निमुळते असेल, तर घोट्याची पकड रुंद पंजाला वाचवू शकत नाही.

६/ महाराष्ट्राने या प्रश्नाचे तिसरे उत्तर शोधले होते. कोल्हापुरी वहाणेत अंगठ्याची कडी आणि आडवा पट्टा पाऊल धरतात. बोटे मोकळीच राहतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे वापरता वापरता पावलाचा आकार घेते. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील ४ आणि कर्नाटकातील ४ जिल्ह्यांना मिळून या वहाणेचे भौगोलिक मानांकन मिळाले.

७/ या कौशल्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. कातडे कमावणारे ढोर आणि वहाणा शिवणारे चांभार यांनी गावाच्या पायांची काळजी वाहिली. गावाने त्यांना अस्पृश्य ठरवले. अनेक गावांत दलितांना सवर्णांसमोरून वहाणा घालून जाण्याचीही मुभा नव्हती. अनवाणी पाऊल हे नेहमीच निवडीचे नव्हते.

८/ चांभार गिऱ्हाइकाचे पाऊल पाहून जोडा शिवत असे. कारखान्यात पावलाची जागा कलबुताने, म्हणजे साच्याने घेतली. १८८३ मध्ये अमेरिकेत यान मात्झेलिगर या कृष्णवर्णीय कारागिराने कातडे साच्यावर ताणणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि जोडे स्वस्त झाले. मात्र साच्याची रुंदी ठरलेली असे. भारतात ब्रिटिश आणि युरोपीय मापे रुजली. दुकानात लांबीचा आकडा विचारला जातो, रुंदीचा क्वचितच.

९/ ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशातील ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मोजणी केली. भारतीय पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा सरासरीने रुंद आहेत, असे आढळले. त्यावर आधारलेली ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली.

१०/ म्हणजे बांधीतले ते पाऊल बेढब नव्हते. त्याच्यासमोर ठेवलेला साचा दुसऱ्याच पावलावरून घडला होता. स्वाराची टाच, दरबाराची हौस आणि कारखान्याचे माप अशा तीन टप्प्यांतून तो दुकानात पोहोचला. टाचेचा जोडा हवाच असेल, तर रुंद पावलाने गोल टोकाचा, वरून बांधता येणारा, बेताच्या टाचेचा बूट निवडावा. आणि जोडा चावला, तर आधी जोड्याचा इतिहास आठवावा.