तपासणीनंतर काय?

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या सरकारी प्राथमिक शाळेवरची देखरेख जनशिक्षकापासून सुरू होते आणि विकासखंड, जिल्हा अशा पायऱ्यांनी भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्रापर्यंत पोचते. शेजारच्या, महाराष्ट्रातल्या रावेर तालुक्यात हेच काम केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी करतात.

तपासणीची दोन कामे वेगळी धरली पाहिजेत. पहिले राखणीचे: शाळा उघडली का, शिक्षक आले का, मध्यान्ह भोजन शिजले का. हे नुसत्या ये-जा करण्यानेही काही अंशी साधते. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांच्या 2010 च्या पाहणीत, न कळवता दिलेल्या भेटींत, सुमारे 24 टक्के शिक्षक गैरहजर आढळले; तपासणी जिथे वाढली होती तिथे हे प्रमाण घटलेले दिसले.

दुसरे काम अध्यापन सुधारण्याचे. ते अवघड आहे, आणि किती अवघड याचा पुरावा मध्य प्रदेशातच आहे. शाळांचे मूल्यमापन करायचे, त्यावरून शाळेने सुधारणेचा आराखडा करायचा, अशी योजना राज्याने राबवली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी तिची परीक्षा घेतली. योजना ज्या 1,774 शाळांत राबवायची त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून उरलेल्या शाळांशी तुलना केली. मूल्यमापन झाले, आराखडेही झाले. मुलांच्या शिकण्यात फरक जवळजवळ शून्य. तरीही योजना यशस्वी ठरून तिचा विस्तार झाला! कागद पूर्ण होते ना.

दोष मोजमापाचा नव्हता. ‘वाचन कच्चे’ असे आराखड्यात लिहिले, तरी उद्या तिसरीच्या वर्गात काय बदलायचे हे शिक्षकाला सांगणारे कुणी नसते. आणि आराखडा बाजूला पडला तरी कुणाचे काही बिघडत नाही.

म्हणून भेटीचा विषय एकच असावा. जनशिक्षकाने पाचसहा मुलांचे वाचन स्वतः ऐकावे, शिक्षकासोबत एक तास घ्यावा, महिन्याने परत येऊन त्याच मुलांना पुन्हा वाचायला लावावे. वर्ग मराठी माध्यमाचा असेल तर ऐकणाऱ्याला मराठी यायलाच हवी. हजेरी शेरेबुकात नोंदवावी; शिकवण्यातल्या अडचणी तिथे लिहू नयेत, नाहीतर शिक्षक त्या लपवतील.

हे सगळे करायला वेळ लागतो. भोपाळने जनशिक्षकाकडचे कागद आधी कमी करावेत. नवे प्रपत्र त्यानंतर छापावे.