कुंपण शेत खाते तेव्हा

शेताभोवती काय लावावे, हा प्रश्न शेतात काय पेरावे या प्रश्नाइतकाच जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कुंपणाचा एक नियम येतो: उंटाला पलीकडचे दिसणार नाही इतके ते उंच असावे आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल अशी एकही फट त्यात ठेवू नये. इथे उंचीचा विचार आहे, फटीचा आहे. झाडाच्या चवीचा नाही. दख्खनच्या शेतकऱ्याला मात्र चवीचा विचार करावाच लागला. बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून घातलेले कुंपण एखाद्या हंगामापुरते टिके. मग त्याला वाळवी लागे, नाहीतर त्याचे सरपण होई. जिवंत कुंपण घालावे तर त्याचा पाला गुरे, शेळ्या, काळवीट आणि ससे ओरबाडणार. म्हणून जनावर ज्याला तोंड लावत नाही असेच झाड बांधावर लावायचे, हा शहाणपणा रूढ झाला. तो खरा होता, पण अर्धा होता. जनावर टाळते ते झाड निवडले की त्याला आवर घालण्याचे काम जनावराकडून माणसाकडे येते. हे काम जिथे कोणी केले नाही तिथे कुंपणानेच शेत खाल्ले.

बांधावरच्या झाडांकडे नीट पाहिले तर त्यांच्या राखणीच्या तऱ्हा वेगवेगळ्या दिसतात. करवंद, चिल्हार आणि सागरगोटा काट्यांनी राखण करतात. शेर आणि थोर यांच्या अंगात चीक असतो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा सुजून लाल होतो. मोगली एरंडाला काटा नाही, पण तो विषारी असल्याने गुरे त्याचा पाला खात नाहीत. निरगुडी आणि अडुळसा उग्र वासावर आणि कडू चवीवर निभावतात. घायपाताच्या पात्यांची टोके सुईसारखी असतात आणि ती पाती जमिनीलगत पसरत असल्यामुळे सशालाही खालून वाट मिळत नाही. शेर उंच वाढतो, पण बुंध्याशी विरळ होतो. त्याने हरीण अडले तरी ससा अडेलच असे नाही. म्हणून एकाच जातीच्या रांगेपेक्षा मिश्र कुंपण अधिक भरवशाचे. पिकातही हीच युक्ती वापरली गेली. रब्बी ज्वारीच्या कडेने काटेरी करडईच्या ओळी पेरायच्या, म्हणजे कडेने येणारे गुरू पहिल्याच घासाला बिचकते, आणि करडईचे तेलही हाती येते.

या यादीतला मोगली एरंड आणि घायपात मूळचे अमेरिकेतले. फड्या निवडुंगही तिकडचाच. युरोपीय जहाजांच्या वाहतुकीनंतर तो इकडे आला आणि कुंपणासाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही असे लोकांना वाटू लागले. त्याला पाणी नको, खत नको, मशागत नको. एक फड मोडून मातीत खोचला की तो रुजतो. काट्यांमुळे गुरे त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सगळे गुण खरे होते, पण त्याच्या सोप्या वाढीचे दुसरेही एक कारण होते. ज्या किडी मायदेशी त्याच्यावर जगत, त्या त्याच्याबरोबर इकडे आल्या नव्हत्या. इथल्या गुरांनी टाळलेले आणि तिथल्या किडींपासून सुटलेले असे ते झाड होते. त्याची फळे, म्हणजे बोंडे, पक्षी आवडीने खात आणि बिया दूरवर टाकत. बांधावरचा निवडुंग गायरानात, ओढ्याकाठी, पडीक रानात आणि शेवटी शेतात शिरला.

त्याला आवर घालणारा जीव आधी भलत्याच कारणासाठी आला होता. निवडुंगावरच्या एका किडीपासून मौल्यवान लाल रंग मिळे आणि त्याचा व्यापार स्पेनच्या हातात होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता. 1795 मध्ये ब्राझीलमधून कलकत्त्याला जी कीड आली ती मात्र रंगाची खरी कीड नव्हती. तिच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, पण उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातली निवडुंगाची एक जात तिने फस्त केली. पुढे 1836 ते 1838 या काळात ती दक्षिणेत नेण्यात आली. निवडुंगाच्या इतर जाती तिच्या तडाख्यातून सुटल्या. त्यांच्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसऱ्या जातीची कीड आणावी लागली, आणि काही वर्षांतच दक्षिणेतली निवडुंगाची राने ओस पडली. ज्याला कोणतेही जनावर खात नाही असे मानले होते, त्याला खाणारा जीव त्याच्या मायदेशी होताच. झाड नकोसे असणे हा त्याचा कायमचा गुण नसतो. ते कुठे आहे आणि आसपास कोण आहे, यावर ते ठरते.

यावर कोणी म्हणेल, दोष निवडुंगाचा नाही. दुष्काळात रान ओस पडले, माणसे देशोधडीला लागली, बांध राखायला कोणी उरले नाही, म्हणून तो पसरला. हे बव्हंशी बरोबर आहे आणि मूळ मुद्द्याला बळकटीच देते. ज्या झाडाची वाढ फक्त माणसाच्या कोयत्याने थांबते, ते झाड माणूस जाग्यावर असेपर्यंतच कुंपण राहते. निरगुडीही पसरते, करवंदाची जाळीही वाढते. पण त्यांच्यावर जगणारे किडे, पाखरे आणि जनावरे याच मातीतली आहेत, म्हणून ती एका मर्यादेत राहतात. बागेच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलेल्या घाणेरीची कथा निराळी नाही. गुरांना तिची बाधा होते, म्हणून ती टाळली जाते. आणि टाळली जाते म्हणूनच आज ती सह्याद्रीच्या उतारांवर चाऱ्याची जागा व्यापून बसली आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. हरणांना आणि सशांना नको असलेल्या झाडांच्या याद्या रोपवाटिकांतून मिळतात आणि लोकांना त्यांचा अनुभवही येतो. मग इतिहासाची उठाठेव कशाला? याद्या खोट्या नाहीत. मात्र जनावराची नावड त्याच्या भुकेवर अवलंबून असते. कोवळ्या ज्वारीने किराळ लागून गुरे मरतात, तरी उपाशी गुरू ती खाते. दुष्काळात माणसांनी निवडुंगाचे फड तोडून, काटे जाळून ते जनावरांपुढे टाकले, आणि एरवी ज्याला ती तोंड लावत नसत ते त्यांनी खाल्ले. गायरानात गवत असेपर्यंत शेराचे कुंपण पुरे पडे. गायराने आक्रसली की तेच काळवीट त्याच कुंपणात फट शोधू लागते. शिवाय जुन्या काळी कुंपण एकटे कधीच नव्हते. पिकात माळा होता, माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार होता, आणि 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानंतर दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या जनावरासाठी कोंडवाडाही होता. झाडाने जनावराला थोडा उशीर करायचा, बाकीचे काम माणसाने करायचे, अशी ती वाटणी होती.

अमेरिकेत 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि कालांतराने तार इथल्या शेतांनाही लागली. आता सौर कुंपणेही आली आहेत. तार कोणाच्या शेतात पसरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती विकत घ्यावी लागते, गंजते, आणि तिच्यापासून फळ, तेल, औषध यांपैकी काहीच मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटाला मारून प्रश्न सोडवता येत नाही, त्यामुळे जिवंत कुंपणाचा विचार पुन्हा करावा लागेल. तो करताना जनावर काय टाळते एवढेच विचारून भागणार नाही. हे झाड दहा वर्षे कोणी छाटले नाही तर काय करील, हा प्रश्नही रोप घेतानाच विचारायचा आहे. करवंद, निरगुडी आणि चिल्हार यांच्या मिश्र रांगेने राखण कदाचित फड्या निवडुंगापेक्षा थोडी कमी होईल, पण शेजाऱ्याच्या रानाची राखण करण्याची वेळ तरी येणार नाही.