निंबाळकर: कोणते आणि कुठले?

मराठ्यांच्या इतिहासावरचे एखादे पुस्तक वाचताना निंबाळकर निजामाला जाऊन मिळाले असा उल्लेख आला, की वाचकाने तिथेच थांबून विचारायला हवे: कुठले निंबाळकर? कारण त्याच पुस्तकात चार पाने मागे निंबाळकर म्हणजे भोसल्यांचे व्याही असतात आणि चार पाने पुढे दुसऱ्या बाजीरावाचे सरदार.

हे घराणे मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून त्यांना निंबाळकर हे नाव पडले, असे ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे. गावावरून आडनाव घेण्याची चाल मराठा सरदारांत जुनीच. नीराकाठच्या होळ गावावरून होळकर झाले आणि डफळापूरवरून जतचे डफळे. हे डफळे मूळचे चव्हाण.

फलटणच्या नाईक निंबाळकरांचे भोसल्यांशी नाते दोन पिढ्यांआधीचे. मालोजी भोसले यांच्या पत्नी दीपाबाई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजी, निंबाळकरांच्याच लेक. पुढे सईबाई याच घरातून महाराजांच्या राणी झाल्या. 1657 साली पुरंदरावर त्यांच्या पोटी संभाजीराजांचा जन्म झाला आणि 1659 साली राजगडावर त्या वारल्या. सईबाईंचे भाऊ बजाजी नाईक. बजाजींचे पुत्र महादजी हे महाराजांचे जावई, सखुबाईंचे पती. सोयरीक इतकी घट्ट असली तरी फलटणची चाकरी विजापूरची होती. नाते एकीकडे आणि वतनाची काळजी दुसरीकडे, अशा ओढाताणीत त्या काळची कितीतरी देशमुख घराणी जगली. त्यांना सरसकट फितूर ठरवणे अन्यायाचे आहे.

करमाळ्याचे निंबाळकर वेगळे. रंभाजी निंबाळकर शाहू महाराजांच्या काळात निजामाच्या बाजूला होते आणि रावरंभा या किताबाने ओळखले जात. करमाळ्याचे कमलाभवानीचे देऊळ याच घराण्याने उभारले. सोलापूर जिल्ह्यातल्या या देवळाला दक्षिणी धाटणीची उंच गोपुरे आहेत, पुढे दीपमाळा आहेत आणि आवारात शहाण्णव पायऱ्यांची प्रसिद्ध विहीर आहे. निजामाकडे गेले एवढ्या दोन शब्दांत ज्यांची वासलात लावली जाते, त्यांनी मागे काय ठेवले हे पाहायचे असेल तर करमाळ्याला जावे.

निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर हे तिसरे. उत्तर पेशवाईच्या कागदांत ते बहुधा अप्पा देसाई निपाणकर म्हणून येतात, निंबाळकर हे आडनाव मागेच पडते. म्हणजे गावावरून आलेल्या आडनावावर दुसऱ्या गावाचे नाव चढले. ग्रंथाच्या सूचीत ‘निंबाळकर’ शोधणाऱ्याला हा माणूस सापडतच नाही. पटवर्धनांचेही तसेच, मिरजकर, सांगलीकर, जमखंडीकर अशा नावांनी ते कागदोपत्री विखुरलेले आहेत.

उलटा प्रकारही आहे. अक्कलकोटच्या गादीचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे जन्माने पारदच्या लोखंडे घरातले राणोजी. शाहू महाराजांनी 1707 नंतर त्यांना आपलेसे करून भोसले हे नाव दिले. आडनाव पाहून रक्ताचे नाते गृहीत धरणारा इथे हमखास फसतो.

नावांची पुनरावृत्ती हा आणखी एक घोटाळा. सईबाईंचे वडील मुधोजी नाईक सतराव्या शतकातले; फलटणच्या शाळा-महाविद्यालयांना ज्यांचे नाव आहे ते मुधोजीराव 1916 साली वारले. मधे अडीचशे वर्षे गेली. मालोजी हे नावही असेच परत येते: 1948 च्या मार्चमध्ये मालोजीराव नाईक निंबाळकरांच्या काळात फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि पुढे मालोजीराव मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात गेले.

गावोगावी आता घराण्यांचे इतिहास लिहिले जात आहेत, स्मरणिका निघत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. ते लिहिणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: नुसते आडनाव लिहून पुढे जाऊ नका. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि साल एवढे चार तपशील प्रत्येक वेळी द्या.