ग्रंथात नसलेला कायदा आणि कोकणातले शनिवार तेली

संशोधनाची तयारी करताय ना? मग आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. धर्म ग्रंथात असतो, की ग्रंथ वाचायच्या पद्धतीत?

ज्यू परंपरेचं उदाहरण घ्या. तोरा सांगतो, शब्बाथला काम करू नका. पण काम म्हणजे नेमकं काय? याचा तपशील तोरात जवळजवळ नाहीच. तो गुरुशिष्यांच्या तोंडी चर्चेतून घडला. साधारण इ.स. 200 च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी हे मौखिक धर्मशास्त्र 'मिश्ना'त संकलित केलं. त्यात शब्बाथला वर्ज्य अशा कामांचे 39 प्रकार दिलेत. मिश्नावरच्या पुढच्या वादविवादांतून तालमूद तयार झाला.

आपल्याला इथे लगेच वेदांचं पठण आठवतं. पण फरक लक्षात घ्या. वेदपठणात अक्षर न् अक्षर जपायचं असतं. मिश्नात मतभेदही जपलेत, हरलेल्या बाजूचं मतसुद्धा.

आता कोकणात या. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले, बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. म्हणून ते 'शनिवार तेली'. सुंता, 'शेमा' ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम त्यांनी टिकवले होते. सणांची नावं मात्र मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण. तालमूदचा अभ्यास त्यांच्याकडे नव्हता. रब्बी परंपरेचे बरेच रिवाज पुढे कोचीन आणि बगदादच्या ज्यूंच्या संपर्कातून आले.

"मग काय बिघडलं?" असं तुम्ही विचाराल. बिघडलं ते इस्रायलमध्ये. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने सूचना काढल्या की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शंका अशी होती: घटस्फोटाच्या पत्राचा उल्लेख तोरात आहे, पण ते कसं लिहायचं, कसं द्यायचं, हे मौखिक कायदा ठरवतो. तो माहीत नसेल तर जुने घटस्फोट अवैध, त्यानंतरची लग्नं अवैध, आणि त्या लग्नांतल्या संततीच्या वंशजांवरही विवाहबंदी! पणजीचा घटस्फोट पणतीच्या लग्नाआड येणार. समाज रस्त्यावर उतरला. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि सूचनाही बदलाव्या लागल्या.

यातून आपण काय शिकायचं? एक, 'त्यांना तालमूद माहीत नव्हता' हे वाक्य निरागस नाही. ते कोणाच्या मोजपट्टीने लिहिलंय ते तपासा. दोन, हनुक्का पाळत नव्हते, म्हणजे ते इ.स.पू. दुसऱ्या शतकाआधीच आले, असा तर्क बऱ्याच ठिकाणी वाचाल. जपून! सण विसरलाही जाऊ शकतो. अभावावरून तारीख ठरत नाही. तीन, साधनाचा काळ बघा. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला, छापला गेला 1937 मध्ये. म्हणजे तो लिहिला जाईपर्यंत बाहेरचे गुरू येऊन बराच काळ लोटला होता.

साधनांसाठी लांब जायलाही नको. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा 1874 मध्ये आपल्या पुण्यातच हिब्रू-मराठीत छापली गेली. मी हे खराडीत बसून लिहितोय; इथून रास्ता पेठेतलं बेने इस्राएलांचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग शहराच्या बसने गाठता येतं. ग्रंथालयातलं वाचून झालं की तिथल्या ज्येष्ठांशी बोला, रीतसर परवानगी घेऊन. प्रश्न 'तुमच्या ग्रंथात काय आहे?' असा नको. 'तुमच्या घरी हे कसं करतात आणि कोणी शिकवलं?' असं विचारा.