पृष्ठांकन (एसक्यूएलअल्केमी)

क्वेरीचा निकाल एका दमात न आणता ठरावीक ओळींच्या तुकड्यांनी आणण्याची रीत. रोजच्या बोलण्यात 'पेजिनेशन'. एसक्यूएलअल्केमी ही माइक बेयर यांची, २००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली पायथन लायब्ररी. टेबलातल्या ओळी ती ऑब्जेक्टच्या रूपात हाती देते. 'पान' ही कल्पना मात्र तिच्या गाभ्यात नाही. आहेत त्या लिमिट आणि ऑफसेट या दोन मेथड. पानावर २० ओळी असतील, तर तिसऱ्या पानासाठी ऑफसेट ४०, लिमिट २०.

सोबत ओळींचा क्रम ठरवणारे ऑर्डर बाय हवेच. ते विसरले तर पोस्टग्रेस निमूटपणे ओळी देते, पण कोणती ओळ कुठल्या पानावर पडेल याची हमी नसते. एसक्यूएल सर्व्हरसाठी ऑर्डर बायशिवाय ऑफसेट लावला असेल, तर लायब्ररी क्वेरी बनवायलाच नकार देते. हा खडूसपणा उपकारकच म्हणायचा. क्रमासाठी नुसती तारीखही पुरत नाही. एकाच तारखेच्या दोन ओळींचा क्रम लावायला शेवटी आयडी जोडावा लागतो.

खरी मेख जॉइनमध्ये आहे. २० लेखक, प्रत्येकाची ५ पुस्तके: जॉइन केल्यावर ओळी होतात १००, आणि लिमिट २० लावले की हाती येतात जेमतेम चारच लेखक. लेखकासोबत त्याची पुस्तके आपोआप आणणारा जॉइन्डलोड हा पर्याय वापरल्यास लायब्ररी लिमिट आतल्या सबक्वेरीत ढकलून हे सांभाळते. जॉइन स्वतः लिहिला तर सांभाळत नाही.

फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी या जोडलायब्ररीत तयार पॅजिनेट मेथड आहे: मुळात पानाला २० ओळी. एकूण संख्या सांगण्यासाठी ती वेगळी काउंट क्वेरी चालवते, आणि मोठ्या टेबलावर तीच जड जाते. ही क्वेरी बंद ठेवता येते.

ऑफसेट एक लाख असला, तर डेटाबेस तेवढ्या ओळी वाचून टाकून देतो. शिवाय वाचक पहिल्या पानावर असताना वर नवी ओळ आली, की विसावी ओळ दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पुन्हा दिसते. यावर तोड कीसेट पद्धतीची: शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी लक्षात ठेवून, टपल फंक्शनने त्या जोडीपेक्षा लहान असलेल्या पुढच्या २० ओळी मागायच्या. योग्य इंडेक्स असेल, तर कितवेही पान सारख्याच वेगाने येते. मात्र थेट सत्तावन्नाव्या पानावर उडी मारता येत नाही. 'पुढे' हे बटण तेवढे उरते.