वाचा गेली, अक्कल नव्हे

लकवा आल्यावर माझ्या चाचांना 'पाणी' हा शब्दही सापडेना. पण मी शेजारी बसून सूरह फातिहा सुरू केली की पुढचं सगळं ते न अडखळता म्हणत. नातेवाइकांत कुणी म्हणालं, नाटक करतात. कुणी म्हणालं, अक्कल गेली. दोन्ही चूक.

या आजाराला वाचाघात म्हणतात. डॉक्टर अफेजिया म्हणतात. 1861 साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. काहीही विचारलं तरी तो 'तां, तां' एवढंच म्हणे; समजत मात्र बरंच होतं. संतापला की तोंडून एक शिवी स्पष्ट निघे. तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: रुग्ण भराभर बोलतो, पण त्यात अर्थ नसतो आणि ऐकलेलंही नीट कळत नाही. इथं इजा डावीकडेच, पण मागच्या बाजूला असते.

शिवी निघते, मग शब्द का नाही? इंग्लंडचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी दाखवलं की सवयीनं तोंडी बसलेलं बोलणं वेगळं आणि विचार करून वाक्य जुळवणं वेगळं. चाचांची फातिहा पहिल्या प्रकारातली होती.

उपचारही याच शाबूत क्षमतांना धरून वाढले. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी डोक्याला जखमा झालेल्या सोव्हिएत सैनिकांवर असं काम केलं. 1973 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ठेका धरून, सुरात वाक्यं म्हणवून घेण्याची पद्धत मांडली.

पण सराव कोणत्या भाषेत करायचा? फ्रान्सचे पित्र यांनी 1895 मध्येच नोंदवलं होतं की अनेक भाषा येणाऱ्या रुग्णाची बहुधा सर्वांत सरावाची भाषा आधी परतते. चाचा घरी दखनी बोलत आणि आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत. उपचार केंद्रात मात्र त्यांचं नाव पाहून कागदावर 'उर्दू' लिहिलं गेलं आणि पुस्तकी उर्दूचे शब्द समोर आले. ते नुसते बघत राहत. शेवटी आम्ही घरीच मांडीवर ठेका धरून बेचा पाढा सुरू केला, मग रोजचे शब्द. कित्येक आठवड्यांनी त्यांनी पेला मागितला. 'पानी' नव्हे, शाळेतल्यासारखं ठसठशीत 'पाणी' म्हणाले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याला वेडा ठरवू नका, त्याचं वाक्य घाईनं पुरं करू नका. आणि त्याची भाषा कोणती, हे त्याच्या नावावरून ठरवू देऊ नका.