तंबूतला वक्ता : विल्यम जेनिंग्ज ब्रायन

मंडळी, निवडणूक हरलेल्या पुढाऱ्याला लोक फार दिवस लक्षात ठेवत नाहीत. अमेरिकेतला विल्यम जेनिंग्ज ब्रायन मात्र राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीनदा हरला, तरी खेड्यापाड्यांतले शेतकरी त्याला ऐकायला गाड्या जुंपून येतच राहिले.

त्याचा जन्म १८६० चा. धंदा वकिलीचा, मुक्काम नेब्रास्का या शेतीच्या मुलुखात. तिथलं दुखणं तुम्हांला वेगळं सांगायला नको. समजा, कर्ज काढलं तेव्हा हप्त्यापोटी दहा पोती गहू विकावा लागे. भाव निम्म्यावर आला की त्याच हप्त्याला वीस पोती. कर्ज तेवढंच, घाम दुप्पट. ब्रायन म्हणे, चलन सोन्याला बांधलंय म्हणून पैसा महाग झालाय. चांदीची नाणीही मोकळेपणी पाडा. गंमत अशी की १८९३ साली मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या, चांदीचा भाव कोसळला आणि तिकडे कोलोरॅडोतल्या खाणी ओस पडल्या. आपल्या टांकसाळीचं दार लागलं, त्याचा धक्का थेट तिथवर पोचला!

९ जुलै १८९६ रोजी शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात त्यानं सोन्याच्या चलनाला क्रुसाची उपमा दिली. सभा वेडी झाली. दुसऱ्या दिवशी छत्तीस वर्षांचा हा तरुण उमेदवार ठरला. प्रतिस्पर्धी मॅकिन्ली घराच्या ओसरीवरून बोले. ब्रायन आगगाडीनं सुमारे अठरा हजार मैल हिंडला, सहाशेच्या आसपास भाषणं केली. तरी हरला. चांदीचा उपाय बरा होता की नाही, यावर जाणकारांत वाद आहे. पण दुखणं त्यानं बरोबर ओळखलं होतं.

हरल्यावर त्यानं लागलीच त्या लढाईवर ग्रंथ लिहिला. नाव काय दिलं, तर ‘पहिली लढाई’! १९०१ पासून ‘कॉमनर’ हे साप्ताहिक काढलं. १९०० आणि १९०८ सालीही हार पदरी आली. खरा फड मात्र रंगला तो शटॉक्वाच्या तंबूत. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी रविवारच्या धर्मशाळांतल्या शिक्षकांसाठी वर्ग भरले, त्यांतून ही चळवळ निघाली. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यानंतर वर्षभरानं, १८७५ ची. पुढे तंबू गावोगाव फिरू लागले. ध्वनिक्षेपक नाही, तरी ब्रायनचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. १९१३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावरही त्यानं ही व्याख्यानं सोडली नाहीत. पत्रांनी टर उडवली. १९१५ मध्ये जर्मनीला पाठवायच्या कडक खलित्यामुळं आपण युद्धात ओढले जाऊ, असं वाटून त्यानं मंत्रिपदच सोडलं.

१९०५-०६ च्या जगप्रवासात तो हिंदुस्थानात आला होता. इथल्या इंग्रजी राज्यावर त्यानं जे कडक लिहिलं, ते आपल्या देशभक्तांनी आवडीनं वाचलं. पण घरच्या काळ्या माणसांच्या हक्कांबद्दल हाच वक्ता मुका राहिला. हे झाकून कसं चालेल?

१९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी, शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला. ब्रायन फिर्यादीच्या बाजूनं उभा राहिला. विरुद्ध वकील डॅरो यानं त्यालाच साक्षीला बसवून बायबलावर भंडावलं. शिकागोच्या नभोवाणीनं तो खटला घरोघर ऐकवला. शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. ब्रायननं समारोपाचं मोठं भाषण लिहून आणलं होतं. डॅरोच्या डावपेचामुळं ते करायची संधीच मिळाली नाही. निकालानंतर पाचव्या दिवशी, २६ जुलैला, डेटनमध्येच तो झोपेत गेला. ते भाषण मागाहून छापून निघालं.